नालीतून गेलेला पाइप

नळ कोणत्या कंपनीचा बसवणार, हे मला प्रत्येक गिऱ्हाइकानं विचारलं. त्या नळापर्यंत पाणी कशातून येतं, हे एवढ्या वर्षांत एकानंही विचारलं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं होतं. मी हो म्हणालो आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की गमती फार थोड्या आहेत. तेव्हा संपादकांची आधीच माफी मागतो.

मी रायपूरचा परवानाधारक प्लंबर, आता निवृत्त. आडनाव रामटेके. वडील रेल्वेच्या नोकरीत भंडाऱ्याकडून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. माझ्या मुलांना मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर देतात, त्यामुळे हे लिहिलेलं घरात कोणी वाचेल अशी भीती नाही.

बाहेरच्या माणसासाठी थोडं धंद्याचं सांगतो. जुन्या घरांमध्ये पाणी यायचं ते जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातून. आम्ही त्याला जीआय म्हणतो. नवा असताना तो चांदीसारखा चमकतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मुलामा झिजला की लोखंड उघडं पडतं. मग तो आतून गंजतो आणि बाहेरून सडतो, दोन्हीकडून एकदम. अर्ध्या इंचाच्या पाइपात शेवटी पेन्सिल शिरेल एवढी जागा राहते, बाकी सगळा गंज. त्याहून जुन्या बिडाच्या लायनी होत्या. त्यांच्या सांध्यात आम्ही ताग ठोकायचो आणि वरून शिसं वितळवून ओतायचो. शिसं अंगाला वाईट, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच हातांनी डबा खायचो. पुढे पांढरे ॲस्बेस्टॉसचे पाइप आले. ते करवतीनं कोरडेच कापायचो, भुकटी नाकातोंडात जायची. माझा खोदाईचा जोडीदार गोवर्धन छत्तीसगढी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. आज चार पायऱ्या चढला की भिंत धरून उभा राहतो. डॉक्टरांनी कारण काही सांगितलं नाही. मला मात्र ती पांढरी भुकटी आठवते.

एक गंमत आहे ती सांगून टाकतो. छत्तीसगढ राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरकडे बंगल्यांना एकदम बाळसं आलं. एका साहेबांनी जुना बंगला घेऊन न्हाणीघरात असे नळ बसवले, की उघडायचे कसे हे मलाच समजेना. भिंतीतला पाइप मात्र जुनाच ठेवला, कारण तो दिसत नव्हता. महिन्याभरात त्या नळांतून लाल पाणी यायला लागलं. मी पाइप बदला म्हणालो, तर साहेब म्हणाले, “रामटेकेजी, उसमें लोहा होता है. खून बढ़ता है.” मी त्यांच्या बाईसाहेबांच्या पांढऱ्या साड्यांकडे बोट दाखवलं. साड्यांवर डाग पडायला लागले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी भिंत फुटली. माणसाच्या पोटाची किंमत साडीपेक्षा कमी असते, हे मी तिथे शिकलो.

आता खेडकरांच्या घराचं सांगतो. ते सांगायलाच मी हा लेख घेतला होता, हे मला आत्ता इथवर आल्यावर कळतंय.

आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, ती एक अरुंद गल्ली. खेडकर काका रेल्वेतून निवृत्त झालेले, अमरावतीकडचे. काकू घरातल्या कर्त्या. एक मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला, एक मुलगी वैशाली, तिचं सासर भिलाईला. त्यांच्या घराचं नळाचं काम मी पहिल्यापासून पाहायचो. काकू चहा द्यायच्या, पण कप मीच विसळून पालथा घालायचा असा रिवाज होता. बाई वाईट नव्हती. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा दोन आठवडे त्यांनी आमच्याकडे डबा पाठवला. पण कप मीच विसळायचा.

त्या गल्लीत मोठी लाइन रस्त्याच्या पलीकडे आणि नाली अलीकडे, घरांच्या दारातून जाणारी. घरात येणारा पाइप नालीतूनच यायचा. खोदाई वाचते, म्हणून माझ्या आधीच्यांनी तसा घातला आणि मीही तसाच घालत आलो. पाणी यायचं सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. मधल्या वेळात पाइप रिकामा, वरून नालीचं पाणी. पाइपाला सुईएवढं छिद्र असलं तरी नळ चालू असताना त्यातून पाणी बाहेर उडतं आणि बंद झाला की नालीतलं आत ओढलं जातं. त्यात शेजाऱ्यानं नळालाच छोटा टिल्लू पंप लावला की विचारूच नका, तो सगळ्यांच्या पाइपातून ओढतो. म्हणून आमचा एक साधा नियम असतो. सकाळी नळ आला की पहिलं पाणी पाच-दहा मिनिटं सोडून द्यायचं. सगळी घाण त्या पहिल्या पाण्यात असते.

आणि काकूंच्या घरात पहिलं पाणी देवाचं. नळ आला की कोणाचा हात लागायच्या आत त्या आंघोळ करून, ओलेत्यानं पहिली घागर भरायच्या. त्यातलं देवाला, उरलेलं घरात प्यायला. ताजं पाणी म्हणून. त्या घागरीला माझा हात लागलेला त्यांना चालला नसता, पण ते पाणी ज्यातून यायचं तो पाइप अथपासून इतिपर्यंत माझ्या हातचा होता. याची मला फार दिवस मनातल्या मनात मजा वाटायची.

एकदा मी त्यांना सांगून पाहिलं. “काकू, पहिली घागर भरू नका. थोडं पाणी सोडून द्या नालीत.”

“देवाचं पाणी नालीत सोडू?”

“त्यात घाण येते जी. पाइप नालीतून येऊन राहिला.”

काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “देवाच्या पाण्याचं तुमी नका सांगू आमाले, रामटेकेभाऊ. तुमी पाइपाचं पाहा.”

त्या ‘तुमी’वरचा जोर मला बरोबर समजला. कोणी सांगायचं आणि कोणी नाही, हे त्यांनी चार शब्दांत ठरवून टाकलं होतं. मी पान्हे पिशवीत टाकले आणि बाहेर पडलो. पुन्हा त्या घरात तो विषय काढायचा नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. माझा राग मी बोलून दाखवत नाही, सांभाळून ठेवतो. हा माझा दोष बायकोनं मला अनेकदा सांगितला आहे.

राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा काकांचा निरोप आला. नळाला धार नाही. गोवर्धननं नालीवरची फरशी उचलली. आठच दिवसांपूर्वी गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झाला होता, राजधानीचा असतो तसा गुळगुळीत. नालीतला पाइप तीन-साडेतीन फूट सडलेला होता. बोटानं दाबलं तर पापुद्रे निघायचे.

गोवर्धन म्हणाला, “पूरा सर गे हे भैया. बदले बर परही.” सगळा सडलाय, बदलावाच लागेल. त्याचं बरोबर होतं. पण बदलायचा तर नालीच्या वरून न्यायला हवा आणि त्यासाठी मोठ्या लाइनीपर्यंत नवा रस्ता फोडायला हवा. काका कासावीस झाले.

“रस्ता नका फोडू जी. सारी गल्ली मायावर येईल. पुढच्या हप्त्यात वैशालीचं पाचव्या महिन्याचं डोहाळजेवण हाये, पाव्हणे येऊन राहिले. आता काहीतरी भागवा, मंग पाहू.”

भागवायची कला माझ्या अंगात होती. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरायची, ताणून ताणून पाइपावर गुंडाळायची, वरून तार आवळायची. माझी पट्टी पाऱ्यात प्रसिद्ध होती. दुसऱ्यांच्या पट्ट्या महिन्यात सुटायच्या, माझ्या वर्षानुवर्षं टिकायच्या. मी पट्टी बांधली, नळाला जोरात धार आली, काकांचा चेहरा खुलला. मी ग्लासात पाणी धरून उजेडात दाखवलं आणि म्हणालो, “घ्या काका, काच आहे काच.” नालीवर फरशी ठेवताना गोवर्धननं माझ्याकडे एकदा पाहिलं.

पावसाळा संपला की येऊन पाइप बदलतो, असं मी सांगून गेलो. पावसाळा संपला आणि मी शंकर नगरच्या बंगल्यांमध्ये अडकलो. माझ्या आयुष्यात एवढं काम कधी आलं नव्हतं. खेडकरांच्या गल्लीवरून मी कितीदा गेलो असेन. काका ओट्यावरून हात करायचे, मी स्कूटरवरून हात करायचो.

वैशाली सातव्या महिन्यात माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीतच आहे. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेली. एकदा भेटली तेव्हा म्हणाली, “काका, इकडचं पाणी मले गोड लागते. तिकडे क्वार्टरमधी टाकीचं असते ना, त्याले चवच नाही.” मी हसलो. काकू रोज सकाळी पूजा झाली की त्या पहिल्या घागरीतला ग्लास भरून तिच्या हातात द्यायच्या.

तीन आठवडे गेले. पोरीची भूक गेली, डोळे पिवळे झाले. पीलिया. काकूंनी आधी गळ्यात काविळीची माळ बांधली, कोणाकडून तरी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून आणली, मग दवाखाना. डॉक्टर काकांना म्हणाले, की एरवी ही कावीळ महिन्यात उतरते, पण गरोदर बाईच्या जिवावर उठते. चौथ्या दिवशी वैशाली बेशुद्ध झाली. सहाव्या दिवशी ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. मी स्मशानात होतो. जावई एका दगडावर बसून होता आणि त्याला कोणी उठ म्हणत नव्हतं.

चार दिवसांनी काकांनी मला बोलावलं. गल्लीत आणखी तीन घरांत कावीळ निघाली होती आणि नळाच्या पाण्याला वास येत होता. मी आणि गोवर्धन गेलो. या वेळी रस्ता फोडायला कोणी हरकत घेतली नाही. गोवर्धननं फरशी उचलली, गाळ उपसला. माझी पट्टी तिथेच होती. ट्यूब फुगून बुळबुळीत झाली होती, तार गंजून तुटली होती आणि आत माझी करंगळी जाईल एवढं भोक होतं.

“भैया,” गोवर्धन हळूच म्हणाला, “ए तो हमरे बांधे रबड़ आय.”

“हव,” मी म्हणालो.

मी तो पाइप कापला, पट्टीसकट पोत्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. काका दारात उभे होते. “काय निघालं जी?”

“जुना पाइप होता काका. सडला होता. बदलून देतो.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात अनेकदा खोटं बोललो असेन, पण त्या खऱ्या वाक्याइतकं वाईट काहीच बोललो नाही.

आतून काकूंचा आवाज येत होता. त्या बायकांना सांगत होत्या, की गोल बाजारातून बाळासाठी वाटी-चमचा घेऊन येताना पोरीनं कोपऱ्यावर गुपचुप खाल्लं होतं. “मीच खाऊ देल्लं तिले. त्यानंच मारलं माया पोट्टीले, त्या गुपचुपवाल्यानं.” गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी. कोपऱ्यावरचा तो दुलार नावाचा माणूस. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या लोकांनी त्याची गाडी उलटी केली, मडकी फोडली, त्याला मारलं. मी माझ्या पिशवीसह समोरच्या पानठेल्याशी उभा होतो. पिशवीत पाइप होता. मी पुढे होऊन तो दाखवला असता तर मार थांबला असता. मग तो मला बसला असता, हेही मला दिसत होतं. मी घरी गेलो. दुलार त्या कोपऱ्यावर पुन्हा उभा राहिला नाही.

मी स्वतःची समजूत अशी घातली, की काकूंना खरं सांगितलं तर त्या घागरीचं काय? रोजचा तो ग्लास त्यांनी स्वतःच्या हातानं दिलेला. गुपचुपवाल्यावर राग धरून बाई जगते आहे, तर जगू दे. हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते इतकी वर्षं पुरलं.

त्यानंतर मी नालीतून एकही पाइप नेला नाही. गिऱ्हाईक भांडलं तर काम सोडून आलो. लोक म्हणायचे, रामटेके म्हातारपणी चक्रम झाला. ते मला चालायचं.

गेल्या वर्षी बीरगावला भाच्याकडे गेलो होतो. एका कारखान्याच्या फाटकाशी पोती उतरवणाऱ्या माणसानं मला हाक मारली. दुलार होता. केस पांढरे झालेले, डाव्या हाताचं मनगट वाकडं जुळलेलं. ते त्या दिवशीचंच. त्यानं मला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि मग विचारलं, “भैया, वो अम्मा अब भी मेरा नाम लेती हैं क्या? मैं तो अपने घर के बोरिंग का पानी लाता था.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो. रात्रभर तळमळलो आणि सकाळी उठून खेडकरांकडे गेलो.

काकू आता थकल्या आहेत. मुलगा बदलून रायपूरला आला आहे, त्याची मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. काका बाजारात गेले होते. काकू ताटात तांदूळ निवडत होत्या. मी खुर्चीवर बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. पाइप, पट्टी, शंकर नगर, पोत्यात गुंडाळून नेलेला तुकडा. “आणि पहिलं पाणी सोडा, हे मी तुमाले पुन्हा सांगायले पायजे होतं. तुमी एकदा बोलल्या म्हणून रागानं सांगतलं नाही.”

काकूंचे हात चालूच होते. एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाल्या, “म्हणजे मी तिले देत होती तेच पाणी?”

“पट्टी माझी होती काकू. चूक माझी आहे.”

“पण गिलास माया हातचा होता ना.”

त्यांनी विचारलं, “तुमाले कधी समजलं हे?”

“पाइप काढला त्या दिवशी.”

“तवा सांगतलं असतं तं वाचली असती का पोट्टी?”

“नाही. ती गेल्यावरच समजलं.”

काकूंनी ताट बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. “मंग आता काहून सांगून राहिले?”

मी म्हणालो, त्या गुपचुपवाल्याचा काही दोष नव्हता. त्याच्यावर उगाच आळ राहिला.

“तं त्याले जाऊन सांगा,” काकू म्हणाल्या. “मले काहून सांगतलं?”

याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या छातीवरचं ओझं मला उतरवायचं होतं आणि ते ठेवायला मी त्या म्हाताऱ्या बाईची मांडी शोधली होती. दुलारचं निमित्त होतं. ते मला तिथे कबूल करता आलं नाही, इथे करतो.

दुलारकडे मी नंतर गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, “ठीक है भैया,” म्हणाला आणि पुढचं पोतं पाठीवर घेतलं.

खेडकरांच्या घरात आता प्लास्टिकचा चांगला पाइप आहे, नालीच्या वरून नेलेला. पाणी स्वच्छ येतं, मी तपासून आणलं आहे. गेल्या महिन्यात काका मला पोस्टाच्या रांगेत भेटले. मी काकूंची तब्येत विचारली.

“तुमी येऊन गेले त्या दिवसापासून नळावर गेली नाही ते,” काका म्हणाले. “देवाचंही मीच भरतो. आणि नातीनं पाणी मागतलं, तं बाजूलेच माठ असते, पण ते मले हाक मारते.”